मजल दरमजल

आमच्या पुलगावच्या स्टेशनवर लहानपणी दोन तऱ्हेच्या गाड्या दिसायच्या. एक मुंबई-हावडा मार्गावरची मोठी गाडी, धडधडत येणारी आणि दोन मिनिटांत निघून जाणारी. दुसरी आर्वीची लहान गाडी. अरुंद रुळांवरची ही पुलगाव-आर्वी लाईन १९१७ साली सुरू झाली, जेमतेम पस्तीस किलोमीटरची. लोक तिला लाडानं शकुंतला म्हणायचे. आर्वीकडच्या माणसाला मुंबईला जायचं असो की नागपूरला, त्याला पुलगावला उतरावंच लागायचं. मग तो फलाटावर वळकटी टाकायचा, कपबशीतला चहा प्यायचा, भाकरीचं फडकं सोडायचा आणि मोठ्या गाडीची वाट बघायचा. 'आम्ही पुलगावचा थांबा निवडला' असं त्यातलं कुणीही म्हणत नसे. रूळ तिथं संपत होते, म्हणून माणूस तिथं थांबत होता.

हे सगळं आठवायला कारण घडलं काही वर्षांपूर्वीच्या एका फोनचं. माझी मुलगी टोरांटोला असते. तिचे दिवस भरत आले होते आणि तिच्या अम्मीनं तिथं जायचं ठरलं होतं. मला इथून हलता येत नव्हतं, म्हणजे बाई एकटीच जाणार. मुलीनं फोनवर विचारलं, "अब्बा, अम्मीसाठी मधला थांबा कुठला घेऊ? तीन-चार पर्याय आहेत. तुम्ही सांगा."

मी काय सांगणार? जन्म गेला कविता लिहिण्यात आणि शिक्षण बी. ए. पर्यंतचं. 'जो स्वस्त असेल तो घे,' असं मी सांगून टाकलं. त्या एका वाक्याची किंमत माझ्या पत्नीनं मोजली. ती हकिकत पुढे येईलच. पण त्या फजितीनंतर मी या विषयाच्या मागे लागलो. लांबच्या प्रवासात माणूस मध्ये कुठं थांबतो, का थांबतो आणि ते ठरवतं कोण? शोधता शोधता लक्षात आलं, की हा प्रश्न विमानापेक्षा जुना आहे आणि त्याचं एक उत्तर आमच्या शेजारी, नागपूरलाच पडून आहे.

सुरुवात शब्दापासून करू, कारण तेवढं एकच कसब माझ्यापाशी आहे. 'मंजिल' हा मूळ अरबी शब्द. अर्थ, उतरण्याची जागा. उंटावरून, घोड्यावरून मुसाफिर जिथं खाली उतरेल ती मंजिल. उर्दूत येता येता तिचा अर्थ झाला शेवटचं ठिकाण, ध्येय. मराठीनं मात्र या शब्दाचं वेगळंच केलं. आपण त्याची 'मजल' केली. आपली फौज 'मजल दरमजल' करत जाते, म्हणजे एकेक टप्पा ओलांडत जाते. उर्दूला शेवट दिसला आणि मराठीला टप्पा. मला मराठीचं म्हणणं जास्त खरं वाटतं. जगातला कुठलाही लांबचा प्रवास टप्प्यांनीच झालेला आहे.

आमच्या घरात टप्प्यासाठी आणखी एक शब्द होता, 'कामरान'. कुणी सरकारी कचेरीत दिवसभर ताटकळला, कुणाची बस चुकली, की आजी म्हणायची, "पडला बिचारा कामरानमध्ये." लहानपणी मला वाटायचं, ही एखादी म्हण असेल. पुढे कळलं, की कामरान हे तांबड्या समुद्रातलं, येमेनच्या किनाऱ्याजवळचं बेट आहे आणि माझे पणजोबा हजला गेले तेव्हा तिथं अडकून पडले होते.

त्या काळी आपल्याकडचा हजचा प्रवास मुंबईहून जहाजानं व्हायचा. गावोगावचे यात्रेकरू आधी मुंबईला जमायचे, मुसाफिरखान्यात मुक्काम करायचे. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यासाठीच ओळखला जाई. पुढे जहाज. १८७७ साली स्थापन झालेली आणि मोगल लाईन म्हणून प्रसिद्धीस आलेली कंपनी ही जहाजं चालवायची. अरबी समुद्र ओलांडून जेद्दाच्या वाटेवर मध्येच यायचं कामरान.

तिथं का थांबायचं? कारण होतं कॉलरा. १८६५ च्या हजमध्ये कॉलऱ्याची भयानक साथ आली. हजारो यात्रेकरू दगावले आणि ती साथ इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. दुसऱ्याच वर्षी कॉन्स्टॅन्टिनोपलला देशोदेशीच्या प्रतिनिधींची आरोग्य परिषद भरली. पुढे १८८२ साली तुर्की सरकारनं कामरानवर विलगीकरणाचं ठाणं उभारलं. पहिल्या महायुद्धात ते बेट ब्रिटिशांच्या हाती गेलं, पण ठाणं चालूच राहिलं, थेट १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांपर्यंत. जहाजातून सगळ्यांना उतरवायचं, अंघोळ घालायची, कपडे वाफेवर घ्यायचे, दिवस मोजायचे आणि या पाहुणचाराची फीसुद्धा यात्रेकरूंकडूनच घ्यायची! मक्का उत्तरेला आहे हे माहीत असताना वाळूत बसून राहायचं. करोनाच्या काळात 'क्वारंटाईन' हा शब्द घराघरांत पोहोचला, तेव्हा मला आजीची आठवण झाली. तिला तो शब्द माहीत नव्हता, त्यातली तगमग मात्र माहीत होती.

म्हणजे पहिला धडा असा, की थांबा प्रवासी निवडत नाही. कधी तो रोगराई निवडते, कधी राजसत्ता, कधी दोघी मिळून.

विमान आलं तेव्हा ही सत्ता यंत्राकडे गेली. १९२९ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या इम्पीरियल एअरवेजनं लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागायचे. आजच्या माणसाला हसू येईल, पण त्या विमानप्रवासात आगगाडीसुद्धा होती. स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत विमान, तिथून इटलीतल्या जिनोआपर्यंत रेल्वे, मग पाण्यावर उतरणारं विमान आणि नंतर पुन्हा जमिनीवरचं. आर्वीच्या माणसाची शकुंतला परवडली!

हा मार्ग आधी इराणच्या किनाऱ्यानं जायचा. पुढे इराणनं परवानगी नाकारली, तेव्हा कंपनीनं खाडीच्या अरब बाजूला जागा शोधली. १९३२ साली शारजाच्या शेखांशी करार झाला. वाळवंटात धावपट्टी आखली गेली आणि प्रवाशांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी किल्ल्यासारखी एक सराई बांधली गेली. तिला 'अल महट्टा' म्हणतात, म्हणजे सरळ 'स्थानक'. ती इमारत आज संग्रहालय आहे. दुबई, अबूधाबी, दोहा ही नावं आज मधल्या थांब्यासाठी सगळ्यांच्या तोंडी असतात. त्या गोष्टीचा पहिला मुक्काम हा. तेलाचा पैसा नंतर आला. आधी आली ती भूगोलानं दिलेली जागा आणि शेजाऱ्यानं दिलेला नकार.

त्याच १९३२ च्या ऑक्टोबरात, १५ तारखेला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं. मध्ये अहमदाबादला इंधनासाठी थांबा होता आणि विमानाचं ते इंधन डब्यांमध्ये भरून बैलगाडीतून आलं होतं. आपल्या देशातल्या विमानसेवेचा पहिला थांबा बैलांच्या पावलांनी सजला, हे मला फार आवडतं.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. मध्ये कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे होते. प्रवाशांना कैरो बघायचं होतं म्हणून नव्हे, तर विमानाच्या टाकीत तेवढंच इंधन मावत होतं म्हणून. दर थांब्याला उतरणं आलं, पुन्हा चढणं आलं आणि प्रत्येक चढउतार जोखमीचा होता. हेच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाच्या थांब्याकडे जाताना आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर आदळलं. ४८ माणसं गेली. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, 'कांचनजंगा' हे एअर इंडियाचं बोइंग त्याच पर्वतावर, त्याच जिनिव्हाकडे उतरताना कोसळलं. त्या ११७ जणांमध्ये डॉ. होमी भाभा होते. त्यांना व्हिएन्नाला जायचं होतं आणि जिनिव्हा हा केवळ मधला टप्पा होता.

आता नागपूर. आमच्या पुलगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर.

माझे वडील पुलगावच्या कापूस गिरणीत होते. ते सांगायचे, की रात्रपाळीत असताना आभाळातून घरघर ऐकू आली की कामगार म्हणायचे, 'चला, डाक गेली, चहाची वेळ झाली.' ही डाक म्हणजे रात्रीची विमान टपाल सेवा. ३० जानेवारी १९४९ रोजी ती सुरू झाली. कल्पना साधी होती. रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून चार विमानं निघायची. मध्यरात्रीच्या सुमाराला चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमायची. तिथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. मद्रासच्या विमानातली दिल्लीची पत्रं दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याची कलकत्त्याच्या. मग आपापली थैली घेऊन चारही विमानं परत फिरायची आणि उजाडता उजाडता घरी पोहोचायची. थैल्यांबरोबर प्रवासीही असत. मुंबईहून कलकत्त्याला निघालेला माणूस मध्यरात्री नागपूरला उतरून विमान बदलायचा.

तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी ही योजना रेटून नेली. खुद्द जे. आर. डी. टाटांचा तिला विरोध होता. रात्रीच्या उड्डाणासाठी लागणाऱ्या सोयी जमिनीवर पुरेशा नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. पण योजना चालली. सुरुवातीला खासगी कंपन्यांनी आणि १९५३ नंतर इंडियन एअरलाईन्सनं ती १९७३ पर्यंत चालवली.

हिशेब बघा. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर ठेवलं, की चार मार्गांत काम भागतं. शहरं वाढतील तसा हा फायदा वाढत जातो. दहा शहरं थेट जोडायला पंचेचाळीस मार्ग लागतील, मधल्या एका ठिकाणाहून जोडायला फक्त दहा. चाकाच्या तुंब्यात आरे येऊन मिळावेत, तशी ही रचना. योगायोग असा, की ज्या १९७३ मध्ये नागपूरची रात्रीची डाक थांबली, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातून फेडेक्स या कंपनीनं चौदा विमानांनिशी नेमका हाच रात्रीचा खेळ सुरू केला. आणि १९८५ च्या ऑक्टोबरात दुबईच्या एमिरेट्सनं उड्डाण सुरू केलं, तेही पुढे याच हिशेबावर वाढलं. त्या विमानात थैल्यांच्या जागी आपण बसलो, एवढाच फरक. २०१४ साली दुबईनं आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या संख्येत लंडनच्या हीथ्रोला मागे टाकलं.

नागपूरला पुन्हा तसा तुंबा करायचा म्हणून 'मिहान' प्रकल्प आला. त्यासाठीची सरकारी कंपनी २००२ साली स्थापन झाली. ते स्वप्न पूर्ण झालं, की अपुरं राहिलं, यावर आमच्याकडे पानठेल्यावर रोज वाद होऊ शकतो. मी एवढंच म्हणेन, की कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. रात्रपाळीच्या कामगारांनी तिची घरघर ऐकली होती.

आता पत्नीची हकिकत सांगतो. स्वस्त म्हणून आम्ही दोन वेगवेगळी तिकिटं काढली. एक नागपूर ते मुंबईचं आणि दुसरं मुंबईहून पुढचं. नागपूरचं विमान उशिरा निघालं. मुंबईला पोहोचेपर्यंत पुढचं विमान गेलेलं. तिकिटं वेगळी, म्हणून पहिल्या कंपनीचं पुढच्या प्रवासाशी देणंघेणं नव्हतं आणि दुसरीच्या लेखी ही बाई वेळेवर न आलेली प्रवासी. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असता, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी ठरली असती. हे शहाणपण मला त्या दिवशी आलं.

दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं, तेही दोन थांब्यांचं. आखातातल्या एका विमानतळावर ती चौदा तास बसली. तिला साखरेचा आजार. इन्सुलिन तिनं, म्हणजे खरं तर मी, मोठ्या बॅगेत ठेवलं होतं आणि ती बॅग विमानाच्या पोटात. घड्याळ भारताचं, बाहेरचा उजेड दुसऱ्याच देशाचा. जेवायचं कधी, काही समजेना. इंग्रजी येत नाही. आम्ही घरात बोलतो ती हिंदी आणि बाहेरची वऱ्हाडी मराठी एवढंच तिचं भांडवल.

अशा वेळी तिथं फरशी पुसणारी एक बाई तिच्याजवळ थांबली. हैदराबादकडची होती. दोघींची बोली जुळली. त्या बाईनं तिला औषधालयापर्यंत नेलं, चाकाच्या खुर्चीच्या खिडकीवर नेऊन बोलणी केली, गरम पाणी आणून दिलं. जाताना पैसे देऊ केले, तर म्हणाली, "आपा, मेरी अम्मी भी कभी ऐसेच बैठी रहेंगी कहीं." पत्नी आजही त्या विमानतळाचं नाव नीट सांगू शकत नाही. त्या बाईचा चेहरा मात्र तिला आठवतो.

यात नशिबाचा भाग होता, पण सगळं नशिबावर सोडायचं नसतं. म्हणून ऐकणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असं थोडं सांगतो. आता आपल्याकडची कितीतरी आईबापं या वाटेवर आहेत. पोरं टोरांटोला, शिकागोला, सिडनीला आणि साठीपलीकडची माणसं पहिल्यांदाच पासपोर्ट काढून निघालेली.

एक, सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. दोन, पहिलं विमान घराजवळून मिळत असेल तर बघावं. नागपूरहून शारजाला विमानं गेली आहेत आणि २०१५ साली दोहाची सेवा सुरू झाली. त्यामुळे वर्धा-यवतमाळच्या माणसाला मुंबई-दिल्लीत विमान बदलायची यातायात टाळण्याची वाट निघाली. तिकीट काढायच्या वेळी कुठली सेवा चालू आहे ते मात्र पाहून घ्यावं. तीन, मधल्या देशाचा व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या दूतावासाकडून आधीच जाणून घ्यावं. हे नियम बदलत असतात. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. शिवाय तिथं ज्या शहरात पहिल्यांदा उतराल, तिथंच साधारणपणे सामान ताब्यात घेऊन तपासणीतून जावं लागतं. म्हणून वयस्कर माणसाला अमेरिकेत दुसरं विमान बदलायला लावण्यापेक्षा अलीकडच एक थांबा घेऊन मुलाच्या गावी थेट उतरवणं बरं. अबूधाबीला २०१४ पासून अमेरिकेची तपासणी विमानात बसण्याआधीच उरकता येते, तीही काहींना सोयीची वाटते. चार, थांबा तासाभराचा नको आणि चौदा तासांचाही नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन-चार तास हवेतच. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. आणि पाचवं, औषधं हातातल्या पिशवीत. हे मी पाटीवर शंभर वेळा लिहून काढायला तयार आहे.

उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. जहाजाच्या काळात यलमलमच्या समोर आलं, की यात्रेकरू इहराम बांधायचे. विमानात ती हद्द आभाळातूनच ओलांडली जाते. म्हणून मध्ये कुठं थांबणार असाल, तर इहराम तिथं बांधायचा की घरून निघताना, हे आधी ठरवून ठेवावं.

कुणी म्हणेल, आता थेट विमानं आहेत, थांब्याची कटकटच कशाला? खरं आहे. २००७ च्या ऑगस्टमध्ये एअर इंडियानं मुंबई ते न्यूयॉर्क न थांबता जाणारं विमान सुरू केलं, तेव्हा आपल्यालाही वाटलं, की मजल संपली, आता फक्त मंजिल. पण इतिहास असा सरळ चालत नाही. २०१९ साली बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं. पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय विमानांना ते बंद झालं. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानं लांबचा वळसा घेऊ लागली आणि त्यातली काही इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरू लागली. १९४८ चा थांबा परत आला! फिनलंडनं आपली राजधानी हेलसिंकी ही युरोप आणि आशिया यांच्यामधला जवळचा थांबा म्हणून वर्षानुवर्षं उभी केली होती. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं, रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि तो जवळचा थांबा एका रात्रीत दूरचा झाला. जून २०२५ मध्ये कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं आली, तेव्हा दोहाचं आकाश काही तास बंद राहिलं आणि जगभरचे प्रवासी जिथं होते तिथं अडकले.

त्याहून विदारक गोष्ट कुवेतची. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे लंडनहून मद्रासमार्गे क्वालालंपूरला जाणारं ब्रिटिश एअरवेजचं विमान मधल्या थांब्यासाठी कुवेतला उतरलं. त्याच पहाटे इराकी फौजा शहरात शिरत होत्या. साडेतीनशेहून जास्त प्रवासी, ज्यांना कुवेतशी काही कर्तव्य नव्हतं, ओलीस झाले. त्यांची चूक एवढीच, की त्यांच्या तिकिटावर मधलं एक नाव होतं. पण त्याच युद्धात दुसरा एक थांबा लाखभर लोकांचा आधार झाला. कुवेत-इराकमध्ये अडकलेले भारतीय वाळवंट तुडवत जॉर्डनच्या अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियानं ५९ दिवसांत एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसं घरी आणली.

आणि शेवटी गँडर. कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंड बेटावर, दहा-एक हजार वस्तीचं हे गाव. जुन्या विमानांना अटलांटिक एका दमात ओलांडता येत नसे, तेव्हा ती इथं इंधनासाठी उतरायची. जेट विमानं आली आणि गँडरची गरज संपली. आमच्या पुलगावला दुरून येणाऱ्या बहुतेक गाड्या न थांबता निघून जातात, तशी विमानं त्याच्या डोक्यावरून जाऊ लागली. मग ११ सप्टेंबर २००१ चा दिवस उजाडला. अमेरिकेचं आकाश बंद झालं आणि अडतीस प्रवासी विमानं गँडरला उतरवली गेली. साडेसहा हजारांहून जास्त अनोळखी माणसं. गावानं शाळा उघडल्या, प्रार्थनागृहं उघडली, घरातल्या चादरी आणल्या, भांडी चढवली. पाहुण्यांमध्ये सगळ्या धर्मांचे, सगळ्या रंगांचे लोक होते. काही दिवस हा पाहुणचार चालला.

मला वाटतं, थांब्याचा खरा अर्थ गँडरच्या लोकांना कळला होता. त्या हैदराबादच्या बाईलाही कळला होता. प्रवासी थांबा निवडतो तेव्हा तो भाडं बघतो, वेळ बघतो, आणि ते बघायलाच हवं. पण रोगराई, यंत्र, राजकारण, आकाशाच्या हद्दी यांचा भरवसा नाही. त्या आपली निवड कधीही उलथून टाकतात. अशा वेळी उरते ती त्या जागेवरची माणसं. निवडायचंच असेल, तर आपलं माणूस जिथं कमीत कमी एकटं पडेल, असा थांबा निवडावा.

परतीच्या वेळी मी स्वस्ताचा हट्ट सोडला. एकच तिकीट, एकच थांबा आणि उतरायचं थेट नागपूरला. पहाटे मी विमानतळावर हजर होतो. गाडीत बसल्यावर पत्नीनं नातवाचे फोटो दाखवले आणि मग वर्धेपर्यंत शांत झोपली. पुलगाव जवळ आलं तशी जागी झाली आणि म्हणाली, "सुटले बाई कामरानमधून."

घरी आलो तर दारात टपाल पडलं होतं. पाकिटावर माझं नाव आणि खाली 'मु. पो. पुलगाव'. आयुष्यभर हा पत्ता लिहितोय, पण त्या दिवशी तो थोडा वेगळा दिसला. 'मु.' म्हणजे मुक्काम. माणूस एका गावात जन्मतो, तिथंच म्हातारा होतो, तरी मराठी भाषा त्याच्या घराला मुक्कामच म्हणते. मुक्कामाला आलेल्याला पाणी विचारायचं असतं, एवढी रीत सांभाळली तरी पुरे.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)